आपल्या माणसांचे इंजेक्टर

दोरांग सात वर्षांची असताना एकदा घराखाली अंडी शोधत होती. ओतोन गावात तेव्हा घरं खांबांवर असत आणि वरची जमीन बांबूच्या कामट्यांची, त्यामुळे वरचं सगळं खाली पडे. भाताची शितं पडत, माशाचे काटे पडत, आणि बोलणंही पडे. त्या दिवशी वर तिचा बाप आणि त्याचा कुंपारे जेवायला बसले होते. कुंपारे म्हणजे आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून उभा राहिलेला माणूस. हा कुंपारे मेकॅनिक होता, आणि दोरांगच्या बापाच्या जीपनीचा, म्हणजे लांब केलेल्या जीपच्या भाड्याच्या गाडीचा, डिझेल पंप त्यानेच नुकता दुरुस्त केला होता.

"कुंपारे, आणखी मासा घ्या ना," बाप म्हणाला.

"नको, तुम्हीच घ्या. तुम्हाला ताकद लागते. हल्ली गाडी ढकलता म्हणे."

"हो, पुलावर रोज ढकलतो. हवा छान लागते. तुम्ही पंप दुरुस्त केल्यापासून तब्येत सुधारली माझी."

"काही जणांना गिअर टाकायची घाई. पंप बिचारा काय करणार?"

"आणि काही जणांना पंप बंद करायची घाई. एखादा स्क्रू उरला तर खिशात टाकून मोकळे."

"भात आहे का थोडा?"

"आहे की. वाढ गं."

दोरांगला वाटलं, काय माया आहे एकमेकांवर. संध्याकाळी तिने आईला तसं सांगितलं, तर आई म्हणाली, "बाई, भांडण होतं ते. इतकं मोठं भांडण मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं."

आता ओतोन ज्या इलोइलो प्रांतात आहे, तिकडची माणसं अशीच. बाकीच्या दुनियेत राग चढला की आवाज चढतो, इथे राग चढतो तसा आवाज उतरतो, आणि अगदी तळाला गेला की माणूस गाणं म्हटल्यासारखा बोलायला लागतो. दोरांगच्या बापाने पुढची दोन वर्षं त्या कुंपारेच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. पण पंप दुसऱ्या कुणाकडे दाखवलाही नाही. दाखवला असता तर कुंपारेचा अपमान झाला असता. दोन वर्षं गाडी ढकलली, दुसरं काय.

दोरांग चौथीपर्यंत शिकली, मग आईबरोबर मासे विकायला लागली. लग्न आम्बो नावाच्या जीपनीवाल्याशी झालं. पोरगी मर्लिंडा वर्षाची असताना आम्बो जहाजावर कामाला गेला आणि तिकडेच कुठल्यातरी बंदराला लागला, तो लागलाच. मागे जीपनी उरली. दोरांगने महिनाभर ती अंगणात बघितली, कोंबड्यांनी तिच्यात अंडी घालायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं, आता हे बस झालं. शेजाऱ्याकडून गाडी शिकली. पहिल्या दिवशी बाई चालवतेय म्हटल्यावर मागच्या बाकावर सगळ्यांनी छातीवर क्रूस काढले. आरशात बघून ती म्हणाली, "काढा, काढा. पण आधी भाडं पुढे द्या."

पंचवीस वर्षं ती ओतोन ते शहर, मोलोच्या चौकावरून, दिवसाला सहा खेपा करत राहिली. तोवर सगळे तिला मानांग दोरांग म्हणायला लागले होते, मानांग म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून म्हातारेसुद्धा म्हणत. गाडीच्या नाकावर पत्र्याचे दोन घोडे, कपाळावर देवमाता, आणि पोटात जपानहून जुनं म्हणून आलेलं डिझेल इंजिन. त्या इंजिनावर तिचा आम्बोपेक्षा जास्त भरवसा होता. निदान ते घरी येत असे.

मोलोच्या चौकाजवळ इस्लावचं दुकान होतं. डिझेल पंप आणि इंजेक्टर यांचंच काम. वेन्सेस्लाव हे त्याचं पूर्ण नाव, ते पाटीवर मावलं नाही. हा इस्लाव मर्लिंडाचा धर्मबाप, म्हणजे दोरांगचा कुंपारे. माणूस गुबगुबीत, हसरा, कुणाला नाही म्हणायला जीभ वळत नसे. कुणाच्या घरी बाळ झालं की इस्लावला बोलावणं. त्याची त्रेचाळीस धर्मलेकरं होती. नाताळात दुकानापुढे अशी रांग लागायची की येणाऱ्याला वाटावं रॉकेल वाटतायत.

तर एका ऑगस्टमध्ये दोरांगने चारही इंजेक्टर इस्लावकडे नव्याने भरायला दिले. इंजेक्टर म्हणजे डिझेल धुक्यासारखं बारीक करून इंजिनात फवारणारी वस्तू, बोटभर जाड. तिचं तोंड झिजलं की फवारा जाऊन धार सुटते, धार सुटली की डिझेल नीट जळत नाही, आणि न जळलेलं मागून काळं होऊन बाहेर येतं. इस्लावने तोंडं बदलली, कुमारे, म्हणजे धर्मलेकराची आई, म्हणून निम्मेच घेतले, वर नारळाची वडी दिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेपेला गाडीने असा धूर काढला की मागून सायकलीवर येणारा पाद्री चौकात पोचेपर्यंत झग्यासकट आणखी काळा झाला. शाळेच्या पोरींचे पांढरे ब्लाउज ढगाळले. मासळीवाली क्लेओफे, जी वीस वर्षं मागच्या दाराशीच बसायची, ती म्हणाली, "मानांग, बांगडे ताजे घेऊन निघाले होते, बाजारात धुरी दिलेले म्हणून विकले. दोन वेळा गिऱ्हाईक परत आलं, तसलेच द्या म्हणून."

दोरांगने गाडी बाजूला घेतली, पाना काढला आणि इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचं नट ढिलं करून बघितलं. चांगल्या इंजेक्टरचं नट ढिलं केलं की इंजिन अडखळतं, कारण काम करणारा हात थांबतो. पहिल्याला अडखळलं. दुसऱ्याला काहीच फरक नाही. तिसऱ्याला अडखळलं. चौथा असला काय नि नसला काय.

आता कोणी म्हणेल, मग जायचं आणि सांगायचं. पण कुंपारेला कसं सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि निम्म्या पैशात काम करून वर वडी देणाऱ्याला तर सांगण्याची सोयच नाही. एरवी तिने चार महिने तोंड दाबून धूर खाल्ला असता. पण तिच्या गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा नऊ होता, म्हणजे गाडीचे कागद नवव्या महिन्यात. कागदांआधी धूर मोजणाऱ्या केंद्रात पास व्हायचं. सप्टेंबर संपेपर्यंत कागद झाले नाहीत तर गाडी उभी, आणि गाडी उभी राहिली की जीपनीवाल्यांच्या रांगेतला तिचा नंबर पुढच्याला. त्या नंबरासाठी अकरा जण टपून होते. गेलेला नंबर परत मिळाल्याचं ओतोनात कुणाला आठवत नव्हतं.

सप्टेंबरच्या चार तारखेला ती केंद्रात गेली. तिथल्या माणसाने मागच्या नळीत यंत्राचं तोंड घातलं, तिने तीनदा पाय दाबला. यंत्राने नापासाचा कागद काढला, तो माणसाने तिला दाखवलासुद्धा नाही.

"मानांग," तो म्हणाला, "यंत्राला जरा पाणी पाजतो."

मग ती इस्लावकडे गेली, हातात केळ्यांची फणी घेऊन. रिकाम्या हाताने गेलं तर तक्रार केल्यासारखं दिसतं.

"या, कुमारे. गाडी काय म्हणते?"

"हल्ली फार बोलते, कुंपारे. काळं काळं बोलते."

"डिझेलच खराब येतंय. सगळेच म्हणतात."

"तेच म्हटलं मी. आणि किती शहाणं डिझेल बघा, पहिल्या-तिसऱ्या सिलिंडरला चांगलं जातं, दुसऱ्या-चौथ्याला खराब जातं."

इस्लावने केळं सोललं. "वयाप्रमाणे पाय जड पडतो कधी कधी माणसाचा."

"पडत असेल. पंचवीस वर्षं हाच पाय होता, आता बदलून आणते."

"केळी गोड आहेत हो."

"घ्या ना आणखी. तुमच्यासाठीच पिकवली."

हे सगळं इतक्या मऊ आवाजात की बाजूच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाला झोप लागली. दोरांग परत आली ती तशीच. आठवड्याने पुन्हा गेली, या वेळी शिजवलेल्या शेंगांची वाटी घेऊन. या वेळी इस्लाव म्हणाला, पावसाळी हवा आहे, धूर खाली बसतो म्हणून जास्त दिसतो.

पंधरा तारखेला ओतोनच्या थांब्यावर रांगेत उभी असताना तिचं लक्ष क्रिसान्तोच्या गाडीकडे गेलं. क्रिसान्तो तिच्या पुढच्या नंबराचा, भिडस्त माणूस. त्याच्या गाडीमागे मघापासून एक बाई उभी होती ती दिसेनाशी झाली होती.

"क्रिसान्तो, गाडी धूर सोडते रे तुझी."

"छे, मानांग. धुकं आहे."

"दुपारी बाराला?"

"उशिरा पडलंय आज."

"इंजेक्टर कधी केलेस?"

क्रिसान्तोने इकडेतिकडे बघितलं. "गेल्या महिन्यात. इस्लावकडे. धाकट्याचा धर्मबाप आहे ना तो."

दोरांगने रांगेवरून नजर फिरवली. धूर सोडणाऱ्या गाड्या सात होत्या, तिची धरून. तिने एकेकाला विचारत जाऊन बघितलं. सातही जण इस्लावचे कुंपारे. मग तिने स्वच्छ चालणाऱ्यांकडे बघितलं. तिग्बावानचा रोल्दान होता, ज्याच्या शिव्या ऐकून थांब्यावरचे कुत्रे उठून जात. त्यानेही ऑगस्टातच इस्लावकडे काम केलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुकानापुढे उभा राहून ओरडला होता, आणि इस्लावने तासाभरात चारही इंजेक्टर बदलून दिले होते. आता त्याच्या गाडीमागे बाळाला पाजत बसावं इतकी हवा स्वच्छ.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. इस्लावकडे वाईट तोंडांचा एक गठ्ठा आला होता, आणि तो त्याने टाकून न देता आपल्या माणसांत वाटला होता. आपली माणसं बोलत नाहीत ना.

दोरांगला राग आला, म्हणजे ती गुणगुणायला लागली. गुणगुणतच ती दोमिन्ग रंगाऱ्याकडे गेली. जीपनीवर घोडे, देव आणि प्रेमाची वाक्यं रंगवणारा ओतोनातला एकच माणूस.

"मागे एक ओळ लिहायची आहे."

"काय लिहू? प्रेमाबद्दल?"

"आभाराबद्दल. मोठ्या अक्षरात. लाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली तेव्हा मागच्या पत्र्यावर, बरोबर धुराच्या नळीच्या वर, लिहिलं होतं, "या गाडीचे इंजेक्टर माझे लाडके कुंपारे इस्लाव, मोलो, यांनी प्रेमाने भरले. देव त्यांचं भलं करो." आणि खालून धूर.

शब्दात खोट काढायला जागा नव्हती. आभारच होते ते. मागे अडकलेल्या गाड्यांतले लोक नाकाला रुमाल लावून मोठ्याने वाचत. शाळेची पोरं पाठ करत. मोलोच्या चौकात इस्लावच्या दुकानापुढून दिवसातून बारा वेळा हे आभार जायचे, सहा येताना नि सहा जाताना, आणि बरोबर दुकानापुढे दोरांग गिअर बदलायची.

तीन दिवसांनी क्रिसान्तो लाजत दोमिन्गकडे गेला. म्हणाला, मानांगसारखंच, पण 'लाडके' नको, आदरणीय घाल. आठवड्यात सातही गाड्या कृतज्ञ झाल्या. दोमिन्गचा लाल रंग संपला, शेवटच्या दोघांचे आभार हिरव्यात झाले.

ही बातमी इस्लावच्या बायकोला, चारिंगला, बाजारात कळली. क्लेओफेने कोळंबी तोलता तोलता तिचं अभिनंदन केलं, "नशीबवान आहेस. नवऱ्याचं नाव सगळ्या रस्त्यावर झालंय. डोळ्यांत पाणी येतं वाचताना." चारिंग घरी आली आणि इस्लावशी इतकं गोड बोलली, इतकं गोड, की तो न जेवता दुकानात जाऊन बसला.

सत्तावीस तारखेला सकाळी तो दोरांगच्या दारात आला. हातात केक.

"मर्लिंडाचा वाढदिवस म्हणून आलो, कुमारे."

"तिचा फेब्रुवारीत असतो, कुंपारे."

"होय ना. रस्त्यावर गर्दी असते, म्हणून लवकर निघालो."

"बरं केलंत. बसा. कॉफी टाकते."

कॉफी झाली. केक कापला. मर्लिंडा शहरात नोकरीला होती, तिच्या वाट्याचा तुकडा कागदात बांधून ठेवला. दोघांनी पावसाबद्दल बोलून घेतलं, शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्याबद्दल बोलून घेतलं. मग इस्लाव अंगणात जाऊन गाडीमागे उभा राहिला, हात पाठीवर बांधून.

"अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला.

"दोमिन्गचं आहे."

"पाऊस लागला तर रंग उडेल."

"म्हणून दोन हात मारलेत."

इस्लावने खाकरून घेतलं. "गाडी एकदा दुकानात आणा ना. सहज. तेल-पाणी बघतो."

"आणते की. तुम्ही म्हणता म्हणून."

दुकानात इंजेक्टर तपासायचं हाताचं यंत्र होतं. त्यावर इंजेक्टर चढवायचा, दांडा दाबायचा, काट्यावर दाब बघायचा नि समोर पांढरा कागद धरायचा. आजवर दोरांग बाहेर बाकावर बसत असे. त्या दिवशी ती यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली. इस्लावने स्टूल पुढे केलं. ती म्हणाली, "राहू दे, गुडघ्यांना सवय हवी."

पहिल्या इंजेक्टरने दांडा दाबताच करकरून बारीक धुकं सोडलं. दुसऱ्याने लाळ गाळली. तिसरा ठीक. चौथ्याने एक धार अशी सोडली की कागदाला भोक पडलं आणि ती इस्लावच्या सदऱ्यावर बसली. इस्लाव सदरा पुसत आत गेला आणि एक डबा घेऊन आला. डब्यात तेलाच्या कागदात गुंडाळलेली नवी तोंडं होती.

"ही कुणासाठी ठेवली होती, कुंपारे?"

इस्लाव बराच वेळ कागद सोडवत बसला. मग म्हणाला, "ओरडणाऱ्यांसाठी."

"असं."

"परके ओरडतात, कुमारे. चौकात ओरडतात, गिऱ्हाईक तुटतं. तो गठ्ठा मी मनिलाहून आणला, परत कोणी घेईना, टाकवेना. म्हटलं आपली माणसं सांभाळून घेतील. आपली माणसं कुठे जाणार आहेत?"

"कुठेच जात नाहीत, कुंपारे," दोरांग म्हणाली. "तिथेच उभी राहून धूर सोडतात."

इस्लावला हसू आलं, ते त्याने दाबायला बघितलं, पण पोट हलायला लागलं. मग दोघं इतकी हसली की चारिंग आतून डोकावून गेली.

हसून झाल्यावर दोरांगने एकच गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात. म्हणाली, "क्रिसान्तो भिडस्त आहे, तो येणार नाही. त्याला तुम्हीच बोलावून घ्या. बाकी पाचांनाही."

"सगळ्यांना पुरतील इतकी चांगली तोंडं नाहीत माझ्याकडे."

"मग मागवा. तोवर आभार राहू देत रस्त्यावर."

इस्लावने चारही इंजेक्टर तिच्यासमोर भरले, तांब्याच्या नव्या वॉशरसकट. दोन चांगले होते, तेही तिने उघडायला लावले. प्रत्येकाचा फवारा तिने तीन-तीनदा बघितला. दुसऱ्याच्या वेळी म्हणाली, "हा थोडा डावीकडे बघतोय." त्याने पुन्हा उघडला.

तीस तारखेला, शेवटच्या दिवशी, ती धुराच्या केंद्रात रांगेत होती. तिला बघून तिथल्या माणसाने आपणहून तोंडाला फडकं बांधलं. यंत्राचं तोंड नळीत घातलं. तिने तीनदा पाय दाबला. तो यंत्राकडे बघत राहिला, मग खिडकीशी आला.

"मानांग, गाडी चालू आहे ना?"

"तुझे कान कुठे गेले?"

"कान आहेत. यंत्राला काही दिसत नाहीये."

त्याने पुन्हा मोजलं. कागद निघाला, शिक्का बसला, रांगेतला नंबर राहिला. बाहेर टपून बसलेल्या अकरांपैकी तीन जण उठून घरी गेले.

नोव्हेंबरपर्यंत सातही गाड्या स्वच्छ झाल्या. इस्लावने हलकेच सुचवून बघितलं की आता मागची ओळ पुसली तरी चालेल. दोरांग म्हणाली, "आभार मानून परत घ्यायचे? लोक काय म्हणतील?" पुढे पुढे तर लोक ती ओळ वाचून दुकान शोधत यायला लागले, तेव्हा त्याने विषय सोडला. त्या साली त्याला आणखी चार धर्मलेकरं झाली.

तेव्हापासून दर सप्टेंबरला दोरांग इंजेक्टर स्वतः काढायची, दुधाच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या टॉवेलात गुंडाळून न्यायची, आणि यंत्राशेजारी उभी राहायची. चार फवारे बघितल्याशिवाय बसायची नाही. साठीनंतर तिने गाडी पुतण्याला चालवायला दिली, पण हे काम दिलं नाही. पुतण्या म्हणायचा, "मी नेतो की." ती म्हणायची, "तुला कुंपारे काय ते अजून कळत नाही."

सत्त्याहत्तराव्या वर्षी ती गेली, झोपेत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्याआधीच्या गुरुवारी ती शेवटची इस्लावकडे गेली होती. शेवटची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळं नेहमीसारखं झालं. तिने चारिंगसाठी पानात बांधलेला चिकट भात नेला. इस्लावचे हात आता थरथरायचे, दांडा दाबायला दोन हात लागायचे. तो म्हणाला, "या, कुमारे. गाडी काय म्हणते?" ती म्हणाली, "चालते. तुमच्या कृपेने." पहिला ठीक निघाला, दुसरा ठीक. तिसऱ्याला ती चष्मा पुसून खाली वाकली नि म्हणाली, "पुन्हा." त्याने उघडला, पत्र्याची एक बारीक चकती बदलली, पुन्हा दाबला. "आता बरा आहे," ती म्हणाली. मग चौथा. मग ती बसली, कॉफी घेतली, इंजेक्टर टॉवेलात गुंडाळून डब्यात ठेवले आणि परतीची जीपनी धरली.

गाडी भरलेली होती. ती ड्रायव्हरच्या पाठीमागेच बसली, डबा मांडीवर. मागून लोकांचे पैसे हातोहात पुढे येत होते, ते ती घेऊन पुढे देत होती, सुटे परत मागे देत होती. शेजारची बाई पेंगून डब्यावर कलायला लागली, तशी दोरांगने तिला हळूच सरळ केलं आणि म्हणाली, "इकडे नको, बाई. त्या बाजूला टेक."